रेसच्या घोड्यांना पोहायला का लावतात? तलावातल्या व्यायामाचे फायदे, मर्यादा आणि महालक्ष्मीचा प्रश्न

सोशल मीडियावर अधूनमधून एक व्हीडिओ फिरत असतो. निळ्या पाण्याचा गोल तलाव, त्यात मान उंच करून, नाकपुड्या फुगवून पोहणारा तपकिरी घोडा आणि काठाने दोर धरून चालणारा एक माणूस. ठिकाण बदलतं, घोडा बदलतो. कमेंट्स मात्र त्याच असतात. माणसांना प्यायला पाणी नाही आणि घोड्यांना स्विमिंग पूल, असा एक सूर. मुक्या जनावराला जबरदस्तीने पाण्यात उतरवलंय, हा दुसरा. आणि बाकीचे हार्टचे इमोजी.

घोड्याचे हे लाड आहेत की छळ, या प्रश्नाचं उत्तर व्हीडिओत मिळत नाही. ते घोड्याच्या पायांत आहे. रेसचा घोडा पोहतो कारण त्याचे पाय जपायचे असतात, आणि फक्त पोहून त्याचं भागत नाही कारण तेच पाय घडवायचेही असतात. महालक्ष्मी रेसकोर्सच्या जागेची वाटणी होत असताना ही गोष्ट समजून घेतलेली बरी. घोड्यांना धावायला किती जागा लागते, या प्रश्नाचा तिच्याशी थेट संबंध आहे.

तलावात नेमकं काय होतं?

रेसच्या घोड्याचा दिवस पहाटे, उजाडायच्या आधी सुरू होतो. ऊन चढायच्या आत दौड आटोपायची असते. भारतातल्या मोठ्या रेसकोर्सवर आणि अनेक स्टड फार्मवर घोड्यांसाठी तलाव असतात. काही गोल, मध्ये बेट असलेले. काही सरळ, लांबट. आत उतरायला आणि बाहेर यायला उतार असतो आणि त्यावर पाय घसरू नये म्हणून रबर किंवा खरखरीत पृष्ठभाग. घोड्याचे पाय तळाला टेकणार नाहीत इतकं पाणी खोल असतं.

घोड्याच्या तोंडाला दोन बाजूंनी दोर लावतात. मोतद्दार, म्हणजे घोड्याची रोजची देखभाल करणारा माणूस, काठाने चालत त्याला नेतो. बहुतेकदा दुसऱ्या बाजूला आणखी एक जण असतो. दोर ताणून धरायचा नसतो आणि पूर्ण सैलही सोडायचा नसतो. ताणला तर घोड्याचं डोकं ओढलं जातं, सोडला तर घोडा मध्येच वळतो किंवा दोरात पाय अडकवतो. व्हीडिओत हा माणूस अर्धाच दिसतो, पण सगळी कसब त्याच्या हातात असते.

पोहणं काही मिनिटांचंच असतं. नवखा घोडा एखादी फेरी मारून बाहेर येतो, सरावलेला चार-पाच फेऱ्या मारतो. अर्धा तास पोहणारा रेसचा घोडा कुठे दिसला तर ट्रेनरला प्रश्न विचारायला हवा.

घोड्याला पोहायला शिकवावं लागत नाही. मोठ्या फुप्फुसांमुळे तो तरंगतो आणि पाय सुटले की आपसूक चालवू लागतो. शिकवावं लागतं ते पाण्यात शांतपणे उतरायला. काही घोडे पहिल्या दिवशी उतारावरच अडून बसतात. त्यांना दिवसेंदिवस गुडघ्याएवढ्या पाण्यात नेऊन परत आणावं लागतं, आणि ज्याला एवढा धीर नाही त्याने घोड्याला पाण्याजवळ नेऊ नये.

सगळं ओझं पायांवर

शर्यतीच्या थरोब्रेड घोड्याचं वजन साधारण ४५० ते ५०० किलो असतं. भरधाव सुटल्यावर तो ताशी ६० किलोमीटरच्या वर जातो. या वेगात एका क्षणी त्याचा एकच पाय जमिनीवर असतो, आणि त्या पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट जोर येतो. म्हणजे एका मनगटाएवढ्या जाड हाडावर आणि त्यामागच्या टेंडनवर एक टनाहून जास्त भार, दर टापेला, एका शर्यतीत शेकडो वेळा.

टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतातच. असतात ती हाडं, टेंडन आणि कातडी. म्हणून तिथे रक्तपुरवठा कमी आणि दुखापत बरी व्हायला वेळ फार. टेंडन फाटलेला घोडा कित्येक महिने, कधी वर्षभर धावपट्टीबाहेर राहतो. परत आला तरी तिथेच पुन्हा फाटण्याची भीती असते.

ट्रेनरची पंचाईत इथे सुरू होते. हृदय आणि फुप्फुसं तयार करायची तर मेहनत हवी. मेहनत म्हणजे दौड. आणि प्रत्येक दौड पायांच्या खात्यातून काहीतरी काढून घेते. पाण्यात हा हिशेब बदलतो. कोपराएवढ्या पाण्यात उभ्या घोड्याच्या पायांवरचा भार १० ते १५ टक्के कमी होतो. पाणी कमरेच्या हाडापर्यंत आलं तर तो सुमारे ७५ टक्क्यांनी घटतो. आणि पोहताना पाय टेकतच नाहीत, त्यामुळे आदळणं शून्य.

हृदय मात्र काम करतं. आराम करणाऱ्या घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ३० ते ४० असतात. भरधाव दौडीत ते २२० च्या पुढे जातात. पोहताना ते साधारण १४० ते १८० च्या घरात असतात, कधी त्याहून वर. म्हणजे मध्यम ते बऱ्यापैकी जोराचा व्यायाम. पाय दुखावलेला घोडा तबेल्यात बांधून ठेवला तर आठवड्यागणिक त्याचा दम कमी होतो. तोच घोडा रोज काही मिनिटं पोहला तर पायाला आराम देऊनही दम टिकवता येतो.

मनाचा भागही आहेच. रेसचा घोडा दिवसाचे बहुतेक तास तबेल्यात काढतो. रोज तीच धावपट्टी, तोच वेग. काही घोडे त्याला कंटाळतात, खाणं सोडतात, दाराची लाकडं चावत बसतात. पाण्यात उतरणं हा त्यांच्यासाठी बदल असतो. मुंबईच्या दमट हवेत अंग थंड होतं, हा आणखी एक फायदा. घोड्याच्या स्नायूंनी खर्च केलेल्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णतेत जातो, आणि दमट हवेत घाम सुकत नाही.

पण हाडांना मार हवा असतो

इथपर्यंत वाचून कोणालाही वाटेल, मग रोज पोहायलाच का नेत नाहीत? धावपट्टीवर पाय मोडण्यापेक्षा बरं.

अडचण हाडांची आहे. हाड म्हणजे काही सिमेंटचा खांब नाही. ते जिवंत असतं आणि त्याच्यावर जसा भार पडतो तसं ते स्वतःला घडवतं. जिथे ताण येतो तिथे जाड होतं, जिथे येत नाही तिथे विरळ होत जातं. अवकाशात महिनोन्महिने राहिलेल्या अंतराळवीरांची हाडं कमजोर होतात, त्याचं कारण हेच. पाण्यात तरंगणाऱ्या घोड्याच्या पायांची अवस्था थोडीफार तशीच असते. हृदयाला वाटतं मेहनत चालू आहे, हाडाला वाटतं सुट्टी आहे.

दोन-तीन वर्षांच्या घोड्यांमध्ये हा प्रश्न जास्त तीव्र असतो. या वयात घोडे शर्यतीला उतरू लागतात आणि त्यांच्या पुढच्या पायाचं गुडघ्याखालचं हाड अजून घडत असतं. कोवळ्या घोड्यांची ती नडगी पुढून सुजते, हात लावला तरी दुखते. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले पशुवैद्यक डेव्हिड नुनामेकर यांनी या दुखण्यावर अनेक वर्षं काम केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की हाड नेमक्या त्याच कामासाठी घडतं जे त्याच्याकडून करून घेतलं जातं. लांबलांब मंद दौडी करून घेतल्या तर हाड मंद दौडीसाठी तयार होतं, आणि मग एकदम शर्यतीच्या वेगाला दगा देतं. त्याऐवजी लवकरच्या वयापासून थोड्या अंतराच्या, पण वेगवान दौडी नियमित दिल्या तर नडगी शर्यतीसाठी घडते.

हाच नियम पोहण्याला लावून पाहा. फक्त पोहून तयार केलेल्या घोड्याचा दम भरपूर असेल, पाय मात्र कच्चे. असा घोडा धावपट्टीवर आला की दम आहे म्हणून जोरात धावतो, आणि पायांना ते झेपत नाही. एका अर्थाने तो न पोहलेल्या घोड्यापेक्षा जास्त धोक्यात असतो. न पोहलेला निदान दमून थांबला असता.

इन्स्टाग्रामवर आणि काही फार्मच्या जाहिरातींत तलावातली एक फेरी म्हणजे अमुक किलोमीटर दौड, अशी गणितं सर्रास दिसतात. ती गंभीरपणे घेऊ नयेत. दोन्ही व्यायाम शरीराच्या वेगवेगळ्या भागांना कामाला लावतात, त्यांचा असा भाव ठरत नाही. शिवाय पोहणाऱ्या घोड्याचे ठोके वाढतात ते सगळे मेहनतीनेच वाढतात असंही नाही. घाबरलेल्या घोड्याचं हृदयसुद्धा धडधडतं. पहिल्यांदा उतरलेल्या घोड्याचा आकडा पाहून व्यायाम छान झाला म्हणणं ही फसगत आहे.

म्हणून जाणकार ट्रेनर पोहणं आठवड्याच्या वेळापत्रकात मधेमधे बसवतात. कडक दौडीच्या दुसऱ्या दिवशी पाय मोकळे करायला. किंवा दुखापतीनंतर धावपट्टीवर परतण्याआधी. काही ठिकाणी पोहण्याऐवजी पाण्यातली ट्रेडमिल वापरतात. तिथे घोडा चालतो, पाय टेकतात आणि पाण्याची उंची कमी-जास्त करून भार ठरवता येतो. हाडांच्या दृष्टीने हा मधला मार्ग आहे. पण यंत्र महागडं आहे.

घोड्याला हे आवडतं का?

आता क्रौर्याचा प्रश्न. तो टाळण्यासारखा नाही.

घोडा फक्त नाकाने श्वास घेऊ शकतो. माणसासारखं तोंड उघडून धापा टाकणं त्याला शक्य नसतं. जमिनीवर भरधाव धावताना त्याचा श्वास टापांशी बांधलेला असतो, एका ढांगेला एक श्वास. पोटातले अवयव मागे-पुढे होतात, फुप्फुसं भात्यासारखी चालतात. पाण्यात ही लय तुटते. छातीवर चारी बाजूंनी पाण्याचा दाब असतो, त्यामुळे छाती फुगवायला जास्त जोर लागतो. घोडे हवा घेतात, थोडी रोखून धरतात आणि मग जोरात सोडतात. व्हीडिओत ऐकू येणारा फुर्र आवाज तो. पाहणाऱ्याला वाटतं घोडा मजेत आहे. प्रत्यक्षात तो श्वासाचं गणित सांभाळत असतो.

याचा अर्थ प्रत्येक पोहणारा घोडा हालात आहे असा नाही. सरावलेले कित्येक घोडे उतार दिसला की स्वतःहून पाण्याकडे ओढ घेतात. पण काही घोड्यांना पाण्यात उतरवूच नये. ज्यांना कडक दौडीनंतर फुप्फुसांत रक्तस्राव होतो, त्यांना पोहवणं धोक्याचं मानतात. पाठीचं दुखणं असलेल्यांनाही नको, कारण पोहताना डोकं वर आणि पाठ खाली खचलेली असते, जी दुखऱ्या पाठीला सगळ्यात वाईट. मागच्या पायांच्या सांध्यांचं दुखणं असेल तरी जपून, कारण पाण्यात पुढे ढकलण्याचं मुख्य काम मागचे पाय करतात. उघडी जखम तर अजिबात नको. घोडे तलावातच लीद टाकतात आणि मुततात, पाणी कितीही गाळलं तरी.

भारतात प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारा कायदा १९६० चा आहे. प्राण्याला विनाकारण वेदना देणं, त्याला झेपणार नाही असं काम करून घेणं हे त्यानुसार गुन्हे आहेत. पोहण्याबद्दल त्यात वेगळं काही लिहिलेलं नाही. तेव्हा निवाडा तपशिलावर येतो. पुढच्या वेळी असा व्हीडिओ समोर आला तर घोड्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय का, दोर सतत ताणलेला आहे का, नाकपुड्या पाण्याच्या किती वर आहेत आणि बाहेर आल्यावर तो किती वेळात शांत होतो, एवढं पाहिलं तरी बरंच कळतं. पार्श्वसंगीत बंद करून पाहिलेलं चांगलं.

पाण्याने घोड्याचा जीव वाचवायची धडपडही पाहिली आहे. २००६ मध्ये अमेरिकेच्या केंटकी डर्बीचा विजेता बार्बारो दोनच आठवड्यांनी प्रीकनेस शर्यतीत मागचा पाय मोडून बसला. ऑपरेशननंतर त्याला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्याच न्यू बोल्टन सेंटरमध्ये पाण्याच्या तलावात, एका तराफ्यात अडकवून शुद्धीवर आणलं. भूल उतरताना घोडे घाबरून धडपडतात आणि नुकताच जोडलेला पाय पुन्हा मोडतो. पाण्यात पाय झाडले तरी आदळायला काही नसतं. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, पण पुढे इतर पायांच्या खुरांना आजार जडला आणि जानेवारी २००७ मध्ये त्याला दयामरण द्यावं लागलं. तीन पायांवर घोडा फार काळ उभा राहू शकत नाही. घोड्याचा एक पाय जपायला एवढा खटाटोप का करतात, याचं उत्तर बार्बारोच्या गोष्टीत आहे.

समुद्र आहेच की, मग तलाव कशाला?

मुंबईला तिन्ही बाजूंनी समुद्र आहे. जगात बऱ्याच ठिकाणी घोड्यांना समुद्रातच नेतात. बार्बाडोसमध्ये ब्रिजटाउनच्या किनाऱ्यावर गॅरिसन रेसकोर्सचे घोडे पहाटे पोहताना पाहायला पर्यटक जमतात. इंग्लंडचा रेड रम हा घोडा तर दंतकथाच आहे. त्याच्या खुरातल्या हाडाला आजार होता. ट्रेनर जिंजर मॅकेन यांनी त्याला साउथपोर्टच्या वाळूवर आणि समुद्राच्या पाण्यात तयार केलं आणि त्याने १९७३, १९७४ आणि १९७७ अशी तीनदा ग्रँड नॅशनल जिंकली.

मग महालक्ष्मीचे घोडे समुद्रावर का जात नाहीत? नकाशावर पाहिलं तर पर्याय जवळ वाटतात. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्यापासून मुंबईहून उरणला पोहोचणं सोपं झालं. तिथून पुढे करंजा. पनवेल-उरणच्या लोकांना हे गाव द्रोणागिरी डोंगर, देवीचं देऊळ आणि कोळीवाड्यामुळे ओळखीचं. समोर धरमतर खाडीचं मुख, पलीकडे रेवस.

पण करंज्याच्या काठावर उभं राहिलं की अडचण दिसते. इथला किनारा खाडीचा, चिखलाचा. ओहोटीला पाणी मागे जातं आणि गाळ उघडा पडतो. मोठ्या भरती-ओहोटीत या बंदराच्या पाण्याची पातळी चार ते पाच मीटरने बदलते. माणसाचा पाय चिखलात रुततो तेव्हा तो काढून घेता येतो. पाचशे किलोचा घोडा रुतला आणि घाबरून पाय ओढू लागला, तर ज्या टेंडनला वाचवायला पाण्यात आणलं तेच फाटतं. त्यात मच्छीमारांच्या बोटी, जाळी, नांगराचे दोर, शिंपल्यांची धार. हा कोळ्यांच्या कामाचा किनारा आहे, घोड्यांच्या व्यायामाचा नव्हे.

रायगडात घोडे समुद्रावर दिसतात ते अलिबागपासून काशिद-मुरुडपर्यंतच्या वाळूच्या किनाऱ्यांवर. अलिबागला ओहोटीच्या वेळी घोडागाड्या पर्यटकांना कुलाबा किल्ल्यापर्यंत नेतात. पण ते घोडे वेगळे, त्यांचं काम वेगळं, आणि खरं तर त्यांच्या खुरांची आणि पाठीची काळजी हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. त्यांच्यासाठी तलाव कोणी बांधत नाही.

वाळूचा किनारा मिळाला तरी भांडण संपत नाही, हे ऑस्ट्रेलियात दिसलं. २०१५ मध्ये प्रिन्स ऑफ पेन्झन्स या घोड्याने मेलबर्न कप जिंकला. जॉकी होत्या मिशेल पेन, ही शर्यत जिंकणाऱ्या पहिल्या महिला. हा घोडा व्हिक्टोरिया राज्यातल्या वॉर्नांबूलच्या किनाऱ्यांवर तयार झाला होता. विजयानंतर किनाऱ्यावर येणाऱ्या रेसच्या घोड्यांची संख्या वाढली, आणि तिथे घरटी करणाऱ्या दुर्मिळ पक्ष्यांसाठी आणि फिरायला येणाऱ्या लोकांसाठी स्थानिकांनी आवाज उठवला. किनारा कोणाचा, हा वाद काही वर्षं चालला आणि सरकारला घोड्यांवर बंधनं घालावी लागली.

तलावाचा खर्च जास्त असला तरी तो ट्रेनरच्या ताब्यात असतो. पाणी किती खोल, किती स्वच्छ, किती वाजता, हे ठरवता येतं. भरतीचं वेळापत्रक पाहावं लागत नाही.

महालक्ष्मीत काय चाललंय?

मुंबईतल्या शर्यती आधी भायखळ्याला होत. महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३ चं. ते चालवणारा रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब मुंबईत नोव्हेंबर ते एप्रिल आणि पुण्यात पावसाळ्याच्या दिवसांत शर्यती घेतो. महालक्ष्मीची २११ एकर जागा राज्य सरकार आणि महापालिकेची आहे. तिचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला. त्यानंतर दहा वर्षं घोळ चालू होता. रेसकोर्स मुलुंडला हलवण्याची चर्चाही मध्ये झाली.

जानेवारी २०२४ मध्ये क्लबच्या सदस्यांनी मतदान केलं. ७०८ पैकी ५४० जणांनी सरकारच्या प्रस्तावाला होकार दिला. त्यानुसार १२० एकरांवर सार्वजनिक उद्यान होणार आणि ९१ एकर क्लबकडे राहणार. शर्यती आणि धावपट्टी तिथेच राहतील असं या योजनेत आहे. तबेले नव्याने बांधायचा सुमारे १०० कोटींचा खर्च पालिकेने का करावा, यावरून राजकारण तापलं होतं. तो प्रश्न रास्तच होता. खासगी मालकांच्या घोड्यांसाठी करदात्यांचा पैसा, हे समजावून सांगणं कोणत्याही सरकारला जड जाईल.

घोड्यांच्या बाजूने पाहिलं तर वेगळी काळजी आहे. जागा कमी होत असताना तलाव, ट्रेडमिल, चालवण्याची यंत्रं यांचं आकर्षण वाढतं. तलावाला जागा थोडी लागते. धावपट्टीवर एका वेळी किती घोडे सोडायचे यावर मर्यादा आली, तर काहींना पाण्यात पाठवणं सोपं. नुनामेकर यांच्या हाडांच्या अभ्यासातून निघणारा इशारा इथे लागू पडतो. तलाव धावपट्टीच्या सोबत असेल तर घोड्याचे पाय वाचतात, धावपट्टीच्या जागी आला तर मोडतात. कोणता सरावाचा ट्रॅक राहणार, तो पहाटे किती तास घोड्यांसाठी मोकळा मिळणार, हे प्रश्न क्लबहाऊस कसं दिसेल यापेक्षा घोड्यांसाठी मोठे आहेत. चर्चा मात्र उलट क्रमाने होते.

पैशाची बाजूही घट्ट होत चालली आहे. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा घोड्यांवरच्या पैजांना २८ टक्के कर लागला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ मानला होता, पण करात तिची जागा जुगार, कॅसिनो आणि लॉटरीच्या रांगेत आहे. करामुळे पैजा बेकायदा बुकींकडे जातात, अशी क्लबांची जुनी तक्रार आहे. जुगारावर जास्त कर असावा की नसावा हा वाद वेगळा. इथे बघायचं ते एवढंच की बक्षिसांची रक्कम पैजांच्या कमाईतून येते, आणि बक्षिसं आटली की मालक घोड्यावरचा खर्च आखडता घेतात. अशा वेळी सगळ्यात आधी कात्री लागते ती पशुवैद्याच्या जादा तपासण्यांना, पायाला लागणाऱ्या विश्रांतीला आणि तलावासारख्या सोयींना. लंगडणाऱ्या घोड्याला तीन महिने पोहायला नेऊन बरं करायचं की विकून टाकायचं, हा हिशेब मालक करतोच.

चेन्नईत याहून पुढची पायरी दिसली. सप्टेंबर २०२४ मध्ये तामिळनाडू सरकारने थकलेल्या भाड्याच्या मुद्द्यावरून गिंडी रेसकोर्सची सुमारे १६० एकर जागा सील केली. प्रकरण कोर्टात गेलं. जागेवर उद्यान आणि पाण्याच्या साठ्याच्या योजना पुढे आल्या. शहरात मोकळी जागा इतकी कमी उरली आहे की रेसकोर्सचं हिरवं मैदान सगळ्यांच्या डोळ्यात भरतं, आणि त्यात नवल नाही.

महालक्ष्मीला सकाळ-संध्याकाळ चालायला आणि पळायला येणारे मुंबईकर आजही आहेत. पहाटे घोड्यांचा सराव, मग माणसांचा. उद्यान झालं की येणाऱ्यांची गर्दी अनेक पटींनी वाढेल. पहाटे पाचला धावपट्टीवर ताशी ६० किलोमीटरने येणारा घोडा आणि कानात इअरफोन घालून रस्ता ओलांडणारा माणूस यांच्यामध्ये कुंपण कुठे असेल, हे नकाशात अजून शोधावं लागतं.